तीस बाथचं राजकारण

थायलंडमध्ये ६ जानेवारी २००१ रोजी सार्वत्रिक निवडणूक झाली. ‘थाय रक थाय’ नावाचा पक्ष तिच्यात पहिल्यांदाच उतरला होता. पक्षाचं वय अडीच वर्षं. नेते थाकसिन शिनावात आधी पोलीस अधिकारी होते, मग मोबाइल फोन आणि उपग्रहांच्या धंद्यात अब्जाधीश झाले. पक्षाच्या तीन आश्वासनांचा फार गवगवा झाला. शेतकऱ्यांच्या कर्जफेडीला तीन वर्षं स्थगिती, प्रत्येक गावाला दहा लाख बाथचा फिरता निधी, आणि ‘तीस बाथमध्ये सगळे आजार बरे’. त्या काळात बाथ रुपयापेक्षा किंचित महाग होता. म्हणजे आपल्या हिशेबाने तीस-बत्तीस रुपयांत केस पेपर, तपासण्या, औषधं आणि वेळ पडलीच तर ऑपरेशनसुद्धा.

शहाण्यासुरत्या माणसांनी ही घोषणा हसण्यावारी नेली. त्यांचं अगदीच चुकलं असं म्हणवत नाही. १९९७ साली बाथ कोसळला, तेव्हापासून देश आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कर्जावर उभा होता. सरकारी रुग्णालयांत आधीच गर्दी, डॉक्टर कमी, आणि हा उद्योगपती सगळ्यांना सगळं द्यायला निघालेला. ‘तीस बाथमध्ये सगळ्या आजारांनी मरा’ असं घोषणेचं विडंबनही झालं. पण पक्षाला ५०० पैकी २४८ जागा मिळाल्या. १ एप्रिलला सहा प्रांतांत योजना सुरू झाली, ऑक्टोबरपर्यंत राजधानीचा काही भाग सोडून देशभर पोचली, पुढच्या एप्रिलपर्यंत उरलेलं बँकॉकही तिच्यात आलं. नोव्हेंबर २००२ मध्ये तिचा कायदा झाला. सुमारे ४.७ कोटी लोक, म्हणजे देशाची तीन चतुर्थांश लोकसंख्या, या एका योजनेखाली आली. त्यातल्या पावणेदोन-दोन कोटी लोकांकडे त्याआधी कसलंच संरक्षण नव्हतं.

आरोग्याच्या चर्चेत आपल्याकडे एक वाक्य हमखास येतं: ‘यात राजकारण आणू नका.’ वाक्य सद्हेतूने उच्चारलेलं असतं, त्यामुळे त्याला कुणी हटकत नाही. थायलंडची गोष्ट त्याला हटकायला चांगली आहे. तिथे सुधारणा झाली ती राजकारणामुळे. ती अर्धवट राहिली तीही राजकारणामुळेच. आणि पुढे दोन लष्करी उठावांतून ती टिकली, त्याचंही कारण दुसरं कुठलं नाही.

गोष्टीची सुरुवात मात्र थाकसिन यांच्यापासून करता येत नाही. ती तीस वर्षं मागे न्यावी लागते, कारण २००१ मध्ये खर्ची पडलेलं भांडवल तेव्हा साठवलेलं होतं. १४ ऑक्टोबर १९७३ रोजी बँकॉकच्या रस्त्यांवर उतरलेल्या विद्यार्थ्यांनी लष्करी हुकूमशहांना देशाबाहेर जायला लावलं. तीनच वर्षांनी, ६ ऑक्टोबर १९७६ रोजी, थम्मासात विद्यापीठात विद्यार्थ्यांची कत्तल झाली आणि लष्कर परत सत्तेवर आलं. त्या पिढीतले कित्येक जण जंगलात जाऊन कम्युनिस्ट बंडखोरांना मिळाले. वैद्यकीय महाविद्यालयांतले बरेच तरुण वेगळ्या वाटेने गेले. सरकारी बंधपत्रामुळे नव्या डॉक्टरांना ग्रामीण भागात नोकरी करावीच लागे. आपल्याकडे बॉण्ड म्हटलं की तो चुकवायचा कसा, याचीच चर्चा जास्त. तिथे या मुलांनी बॉण्डचीच चळवळ केली. छोट्या जिल्हा रुग्णालयांत एकेकटे पडलेले डॉक्टर पत्रांतून आणि बैठकांतून एकमेकांना धरून राहिले, त्यांची ग्रामीण डॉक्टरांची संघटना उभी राहिली, आणि पुढे तिच्यातलीच माणसं आरोग्य मंत्रालयाच्या वरच्या खुर्च्यांवर पोचली.

याच काळात सरकारने एक निर्णय घेतला. बातमीला त्यात काही नव्हतं, परिणाम मात्र जबरदस्त झाला. १९८२ ते १९८६ या पाच वर्षांत शहरांतल्या रुग्णालयांची नवी गुंतवणूक थांबवून तो पैसा जिल्हा रुग्णालयं आणि गावांतल्या आरोग्य केंद्रांकडे वळवण्यात आला. (थायलंडचा ‘जिल्हा’ आपल्या तालुक्याएवढा असतो, आणि आपल्या जिल्ह्याच्या जागी तिथे ‘प्रांत’ असतो, हे लक्षात ठेवलेलं बरं.) राजधानीतल्या बड्या रुग्णालयांना इमारती आणि यंत्रं नाकारण्याची हिंमत सरकारमध्ये कुठून आली? पंतप्रधान जनरल प्रेम तिन्सुलानोंदा लोकांनी निवडून दिलेले नव्हते, हे एक. दुसरं म्हणजे ईशान्येच्या गरीब इसान भागात बंडखोरी होती आणि गावांना सरकारचं काही चांगलं तोंड दिसल्याशिवाय ती शमणार नाही, हे लष्करालाही कळत होतं. गावात दवाखाना बांधण्यामागे करुणा होती तशी भीतीही होती. आरोग्याच्या इतिहासात भीतीने केलेली कामं मोजायला बसलं तर यादी लांबलचक होईल. हेतू काहीही असो, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस जवळपास प्रत्येक जिल्ह्यात सरकारी रुग्णालय होतं. २००१ मध्ये ‘सगळ्यांना उपचार’ म्हणताना ते कुठे द्यायचे, हा प्रश्न थाकसिन यांच्यापुढे नव्हता.

सांगुआन नित्तयारम्फोंग हे या ग्रामीण डॉक्टरांपैकीच एक. विद्यार्थी चळवळीतून आलेले, सिसाकेत प्रांतातल्या रासी सलाई इथल्या छोट्या रुग्णालयात काम केलेले, मग मंत्रालयात नियोजनाला गेलेले. खर्च कसा भागवायचा, रुग्णालयांना पैसे कोणत्या पद्धतीने द्यायचे, यावर त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात भरपूर काम केलं. गरिबांसाठी मोफत उपचारांची सोय १९७५ पासून होती, पण ती खऱ्या गरिबाला मिळेच याची खात्री नव्हती. ५०० बाथ भरून घ्यायचं कुटुंब-कार्ड होतं, तेही घरात आजारपण असलेलाच घेई, त्यामुळे ते कायम तोट्यात. कंपन्यांतल्या कामगारांसाठी सामाजिक सुरक्षा निधी, सरकारी नोकरांसाठी वेगळी सवलत. या चिंध्या जोडून एक गोधडी करायची आणि कुणी उघडा राहिला असेल तर त्यालाही तिच्यात घ्यायचं, हा सांगुआन यांचा आराखडा. पैसा बराचसा आधीच खर्च होत होता, फक्त तो विखुरलेला होता, हे त्यांनी आकडे मांडून दाखवलं.

असे आराखडे जगात पुष्कळ कपाटांत पडलेले आहेत. आपल्याकडचा सगळ्यात मोठा आराखडा एका नाशिककराच्या नावावर आहे. नाशिकमध्ये जन्मलेले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला. पैसे देता येत नाहीत म्हणून कुणाचाही उपचार अडू नये, हे त्याचं पहिलं तत्त्व. दूरच्या पल्ल्याच्या योजनेत दर दहा ते वीस हजार लोकवस्तीला ७५ खाटांचं रुग्णालय मांडलेलं होतं. प्रत्यक्षात १९५२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रं आली ती प्रत्येक विकास गटाला एक, आणि त्या गटाची लोकसंख्या लाखाच्या घरात. अहवालात तांत्रिक खोट फारशी नव्हती. तो बाजूला ठेवला तर निवडणूक हातची जाईल, अशी धास्ती मात्र कुठल्याच पक्षाला कधी वाटली नाही. ब्रिटनमध्ये याच सुमाराला मजूर पक्षाच्या सरकारने, बहुसंख्य डॉक्टर मतदान करून विरोधात गेलेले असताना, ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू करून दाखवली होती. अन्युरिन बेवन या आरोग्यमंत्र्याने तज्ज्ञ डॉक्टरांना खासगी प्रॅक्टिसची मुभा देऊन त्यांची फळी फोडली. सौदा फारसा देखणा नव्हता, पण काम झालं.

सांगुआन यांनीही आपला आराखडा घेऊन राजकीय पक्षांचे उंबरे झिजवले. सत्तेवरच्या डेमोक्रॅट पक्षाला त्यात रस वाटला नाही. थाय रक थायमध्ये त्यांच्यासारखीच विद्यार्थी चळवळीतून आलेली डॉक्टर मंडळी होती. सुरपोंग सुएबवोंगली हे त्यातलं महत्त्वाचं नाव. त्यांनी तो थाकसिन यांच्यापर्यंत पोचवला. उद्योगपतीला जे दिसलं ते नोकरशहांना दिसलेलं नव्हतं: हे विकता येईल. ‘सार्वत्रिक आरोग्य सुरक्षा’ या नावाला मतं पडणार नाहीत, ‘तीस बाथ’ला पडतील.

ही नजर त्याच वेळी उपयोगी का पडली, याचं उत्तर १९९७ च्या राज्यघटनेत आहे. त्याआधी थाय निवडणूक म्हणजे स्थानिक पुढाऱ्यांची जत्रा असे. रस्ता, पूल, लग्नाकार्याला मदत आणि आदल्या रात्री वाटलेल्या नोटा यांवर माणूस निवडून येई. पक्षाचा जाहीरनामा कुणी वाचत नसे, कारण कुठलंच सरकार तो अमलात आणण्याइतकं टिकत नसे. नव्या घटनेने १०० जागा देशव्यापी पक्ष-याद्यांसाठी ठेवल्या आणि मोठ्या पक्षांना बळ देणारे नियम केले. देशभर एकच वस्तू विकणाऱ्या पक्षाला पहिल्यांदा फायदा होणार होता. म्हणजे आरोग्याची दारं उघडली निवडणूक पद्धतीच्या दुरुस्तीने, आणि ती करणाऱ्यांच्या डोक्यात तेव्हा रुग्णालयं असण्याचं काही कारण नव्हतं.

याच घटनेने पन्नास हजार मतदारांच्या सह्यांनी संसदेत विधेयक मांडण्याची सोय केली होती. जॉन उंगपाकोर्न यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने एड्सग्रस्त, महिला, अपंग, शेतकरी, झोपडपट्टीवासी अशा गटांच्या जाळ्यांनी त्या सह्या गोळा केल्या आणि स्वतःचा मसुदा दिला. सरकारी मसुद्याशी त्याचं सगळंच जुळत नव्हतं, पण थाकसिन यांना आता माघार घेता येणार नव्हती. थायलंडमधले ज्येष्ठ डॉक्टर आणि विचारवंत प्रवेस वासी यांनी सुधारणेसाठी ज्ञान, लोकचळवळ आणि सत्ता अशा तीन बाजूंचा त्रिकोण लागतो आणि तोच डोंगर हलवतो, असं मांडलं होतं. पुस्तकी वाटणारी ही आकृती इथे तारीखवार दाखवता येते.

मग आली घाई. अर्थतज्ज्ञांचा सल्ला होता सावकाश जाण्याचा: आधी काही प्रांत, मग मूल्यमापन, मग विस्तार. राजकारण्यांना पुढच्या निवडणुकीच्या आत सगळा देश हवा होता. या वादात मी राजकारण्यांच्या बाजूचा आहे. सावकाश जाणाऱ्या सुधारणेला विरोधकही सावकाश, नीट तयारीने घेरतात. पैसा कुठून आणायचा हेही अशाच व्यावहारिक शहाणपणाने ठरलं. भातशेती करणाऱ्याकडून, फेरीवाल्याकडून दरमहा हप्ता वसूल करायचा म्हटला तर वसुलीचा खर्चच हप्त्यावर चढला असता, आणि ज्याचा हप्ता थकला तो रुग्णालयाच्या दारातून परत गेला असता. त्यामुळे सगळा खर्च सामान्य करांतून करायचं ठरलं. पहिल्या वर्षी माणशी १,२०२ बाथ. आता हा आकडा तीन हजारांच्या वर गेला आहे.

माणशी पैसे देणं हा योजनेतला खरा सुरुंग होता, आणि तीस बाथच्या गलक्यात तो बराच काळ कुणाच्या डोळ्यांवर आला नाही. पूर्वी रुग्णालयाला पैसे मिळत ते खाटा आणि कर्मचारी पाहून. जिथे डॉक्टर जास्त, तिथे पैसा जास्त. आता पैसा डोक्यांमागे जाणार होता, आणि सुरुवातीला त्यात पगारही धरले होते. इसानमधल्या गरीब प्रांतांत माणसं भरपूर आणि डॉक्टर तुरळक. त्यांच्या हाती अचानक पैसा आला. मध्य थायलंडमधल्या सुखवस्तू प्रांतांत उलटं झालं. तिथल्या मोठ्या रुग्णालयांना पगारही भागेनात. हिशेबाप्रमाणे तिथले डॉक्टर हळूहळू गरीब प्रांतांकडे सरकायला हवे होते. माणसं अशी सरकत नाहीत. मुलांच्या शाळा असतात, बायकोची नोकरी असते, संध्याकाळचं खासगी क्लिनिक असतं. तोट्यातल्या रुग्णालयांनी आरडाओरडा केला, मंत्रालयातल्या त्यांच्या माणसांनी तो वरपर्यंत नेला, आणि पगाराची रक्कम पुन्हा वेगळी काढून केंद्राकडे घेण्यात आली. विषमतेवर मारलेला सगळ्यात मोठा घाव असा अर्ध्यावर थांबला. त्याच सुमाराला बँकॉकच्या खासगी रुग्णालयांत परदेशी रुग्णांचा ओघ वाढत होता, आणि सरकारी ओपीडीतल्या गर्दीला कंटाळलेल्या डॉक्टरांना तिथे चांगल्या पगाराची जागा तयार होती.

तरीही आकडे बोलतात. २००१ च्या आसपास थायलंडमधल्या एकूण आरोग्यखर्चापैकी साधारण एक तृतीयांश भाग लोक स्वतःच्या खिशातून भरत. दोन दशकांत तो एक दशांशाच्या आसपास आला. भारतात हे प्रमाण अलीकडे खूप घटल्याचं सरकारी आकडेवारी सांगते, तरी ते थायलंडच्या कित्येक पट आहे. योजनेनंतर गरीब प्रांतांतला बालमृत्युदर श्रीमंत प्रांतांच्या जवळ आला, असं अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांच्या एका गाजलेल्या अभ्यासात दिसलं. यात तीस बाथच्या फीचा वाटा किती आणि माणशी निधीचा किती, यावर वाद घालता येतो. माझा कौल माणशी निधीला.

‘सगळे आजार’ या शब्दांत सगळे आजार मात्र नव्हते. एचआयव्हीची औषधं आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांचं डायलिसिस सुरुवातीला बाहेर ठेवलं होतं, कारण खर्च परवडणार नाही असा हिशेब होता. हे हिशेब तज्ज्ञांनी बदलले नाहीत, रुग्णांनी बदलायला लावले. एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या संघटना रस्त्यावर आल्या. सरकारी औषध कारखान्याने तीन औषधांची एक स्वस्त गोळी बनवली, आणि काही वर्षांत उपचार योजनेत आले. डायलिसिसची गोष्ट तर अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवावी अशी आहे. एका माणसाचं एक वर्षाचं आयुष्य वाढवायला येणारा खर्च तज्ज्ञांनी आखलेल्या मर्यादेच्या बाहेर जात होता, अभ्यास स्पष्ट होते. पण सरकारी नोकरांना आणि कंपनी-कामगारांना त्यांच्या योजनांतून डायलिसिस मिळतं आणि शेतकऱ्याला घर विकावं लागतं, हे सांगत रुग्णसंघटनांनी वर्षानुवर्षं रेटा लावला. २००८ पासून डायलिसिस आलं. खर्च आवरायला घरी करता येणाऱ्या, पोटातल्या पडद्यातून होणाऱ्या प्रकाराला आधी पसंती देण्यात आली. हिशेब बरोबर होता आणि निर्णयही बरोबर होता, असं मला वाटतं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, म्हणून तर निर्णय फक्त हिशेबनिसांवर सोडत नाहीत.

आता उठाव. २००५ मध्ये थाकसिन ३७५ जागा घेऊन परत आले. आरोग्य योजनेमागून अरेरावी, भ्रष्टाचाराचे आरोप आणि अमली पदार्थविरोधी मोहिमेत गेलेले बळीही आले होते, हे विसरून त्यांना संत करण्याचं कारण नाही. १९ सप्टेंबर २००६ रोजी लष्कराने त्यांची सत्ता उलथवली. नव्या राज्यकर्त्यांना थाकसिन यांचं नाव पुसायचं होतं, आणि ‘तीस बाथ’ हे तर त्यांचंच नाव झालं होतं. योजना बंद करावी, तर इसान पेटेल. ठेवावी, तर रोज लाखो लोक रुग्णालयाच्या खिडकीवर थाकसिन यांची आठवण काढणार. लष्करनियुक्त सरकारचे आरोग्यमंत्री मोंगकोल ना सोंगखला यांनी तीस बाथचं शुल्कच रद्द केलं. योजना राहिली, तीही मोफत. तीस बाथ गेले. स्वतः ग्रामीण डॉक्टर राहिलेल्या मोंगकोल यांना ही फी मुळातच नको होती. त्यांना संधी चालून आली. त्यांनीच त्या वर्षअखेरीपासून एचआयव्ही आणि हृदयविकारावरच्या औषधांसाठी सक्तीचे परवाने काढून पेटंट बाजूला सारले, अमेरिकेची नाराजी ओढवून घेतली आणि भारतीय कंपन्यांकडून स्वस्त औषधं आणली. ज्या सरकारला मतांची गरज नव्हती, त्याच्या कारकिर्दीतले हे निर्णय आहेत. लोकशाहीवर माझा विश्वास आहे, त्यामुळे ही गोष्ट मला जरा अडचणीचीच वाटते.

पुढचा अंक आणखी गमतीचा. २०११ मध्ये थाकसिन यांची बहीण यिंगलक शिनावात पंतप्रधान झाल्या आणि २०१२ मध्ये त्यांच्या सरकारने तीस बाथ परत आणले. पैशांची गरज म्हणून नव्हे. ज्याला द्यायचे नसतील त्याने न दिले तरी चालत होतं. नाव परत हवं होतं. मराठी वाचकाला हा खेळ समजावून सांगायला नको. १९९७ ची ‘जीवनदायी’ २०१२ मध्ये ‘राजीव गांधी जीवनदायी’ झाली आणि २०१७ मध्ये ‘महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य’ झाली. मुख्यमंत्री बदलले, पाट्या बदलल्या, योजना मात्र वाढतच गेली. ही स्पर्धा बघून आपण नाकं मुरडतो. पण ज्या योजनेवर आपली पाटी लावण्यासाठी दोन पक्ष भांडतात, ती बंद करण्याचं धाडस दोघांनाही होत नाही, हेही तितकंच खरं.

२२ मे २०१४ रोजी पुन्हा उठाव झाला. रुग्णांकडून खर्चाचा वाटा घ्यावा, अशी चर्चा सत्ताधाऱ्यांच्या गोटातून उठली, लोक खवळले, चर्चा विरली. या वेळी नुसत्या मतदारांनी नाही, २००२ च्या कायद्यानेही योजना तारली. सांगुआन आणि त्यांच्या साथींनी निधी सांभाळायला आरोग्य मंत्रालयापासून वेगळं कार्यालय केलं होतं. पैसे देणारा एक, उपचार करणारा दुसरा. त्याच्या संचालक मंडळावर मंत्री, सचिव, डॉक्टरांच्या संघटना यांच्याबरोबर लोकसंघटनांचे पाच प्रतिनिधी कायद्यानेच बसतात. दरवर्षी जनसुनावणी घ्यावी लागते. उपचारात इजा झाली तर दोष कुणाचा हे सिद्ध करायच्या आधी भरपाई मिळते. मंत्रालयाला हे वेगळं कार्यालय कायम खुपत आलं आहे आणि दोघांची भांडणं वर्तमानपत्रांतून चालतात. सांगुआन त्याचे पहिले सरचिटणीस होते. जानेवारी २००८ मध्ये ते कर्करोगाने गेले.

भारतात अशा कायद्याच्या जवळ जाणारा प्रयत्न राजस्थानने केला. २१ मार्च २०२३ रोजी तिथल्या विधानसभेने आरोग्याच्या हक्काचा कायदा मंजूर केला, असा कायदा करणारं ते देशातलं पहिलं राज्य. आणीबाणीच्या रुग्णाला आगाऊ पैसे न मागता उपचार द्यायचे, हे त्यातलं कळीचं कलम. खासगी डॉक्टर दोन आठवडे संपावर गेले. ४ एप्रिलला तडजोड झाली आणि पन्नास खाटांपेक्षा लहान खासगी रुग्णालयं कायद्याबाहेर राहिली. डिसेंबरमध्ये सत्तेवरची काँग्रेस निवडणूक हरली, नव्या सरकारने कायद्याचे नियमच पुढे सरकवले नाहीत. तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक गेहलोत यांना राजकारण जमलं नाही, असं यावरून म्हणणं अन्यायाचं होईल. थाकसिन यांच्यासमोर उभे राहिलेले डॉक्टर बहुतांशी सरकारचे पगारदार होते आणि खाटाही बहुतेक सरकारच्याच. राजस्थानात, आणि महाराष्ट्रात तर त्याहून जास्त, उपचारांचा मोठा वाटा खासगी दवाखान्यांकडे जातो. तिथे सरकार हुकूम सोडू शकत नाही, त्याला घासाघीस करावी लागते. १९८२ मध्ये थायलंडने शहरातला पैसा गावाकडे नेला तेव्हा तो नकळत वीस वर्षांनंतरच्या विरोधाची धार बोथट करत होता.

महाराष्ट्राने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतलं शुल्क रद्द केलं, केस पेपरसुद्धा फुकट केला. चांगलंच झालं. फक्त शुल्क काढणं हा थायलंडमधला सगळ्यात सोपा भाग होता, लष्करनियुक्त सरकारनेही तो एका सहीनिशी केला. आपल्या फुले योजनेत ठरावीक शस्त्रक्रिया आणि उपचारांची यादी आहे, तीत नाव असेल तर पैसे मिळतात. थाय योजनेत यादी आहे ती वगळलेल्या उपचारांची. ओपीडीतल्या मधुमेहाच्या गोळ्यांपासून पुढचं सगळं आत, आणि वगळायचं असेल तर कारण सरकारने द्यायचं.

थाय राजकारणाचा हात एका ठिकाणी मात्र पोचला नाही. सांगुआन यांच्या गोधडीत सरकारी नोकरांची आणि कंपनी-कामगारांची योजनाही शिवायची होती. कामगार संघटना म्हणाल्या, आमच्या पगारातून कापलेला पैसा इतरांवर का घालवता? सरकारी नोकरांचं तर सगळंच वेगळं: त्यांच्यासोबत आईवडील, नवराबायको, मुलं यांनाही संरक्षण, आणि तेव्हा तर जेवढं बिल तेवढी भरपाई. त्यांच्यावर माणशी होणारा खर्च तीस बाथवाल्यांच्या कैक पट आहे. संख्येने ते पन्नास लाखांच्या आसपास, पण कायदा लिहिणारे, अंदाजपत्रक मांडणारे आणि रुग्णालयं चालवणारे त्यांच्यातलेच. थाकसिन यांच्या हाती संसद होती, तरी त्यांनी या गटाला हात लावला नाही. २००२ च्या कायद्यात या दोन्ही योजना पुढे हुकूम काढून सामावून घेण्याची तरतूद ठेवली गेली. पुढे कामगारांनाच उलटा प्रश्न पडला: दरमहा वर्गणी भरूनही काही बाबतींत आपल्याला फुकटवाल्यांपेक्षा कमी का मिळतं? त्यावरून २०११ च्या सुमारास बरीच ओरड झाली आणि कामगारांच्या योजनेतल्या सोयी वाढवून ती शांत करण्यात आली.

जानेवारी २०२४ मध्ये थाकसिन यांच्याच परंपरेतल्या फ्यू थाय पक्षाच्या सरकारने ‘तीस बाथ’ची नवी आवृत्ती काढली. ओळखपत्र दाखवायचं आणि नोंदणीच्या ठिकाणाऐवजी कुठल्याही संलग्न रुग्णालयात जायचं. सुरुवात चार प्रांतांतून. सरकारी नोकरांचं खातं तेव्हाही वेगळंच राहिलं. ते सामावून घेण्याचा हुकूम इतक्या वर्षांत ना कुठल्या निवडून आलेल्या पंतप्रधानाने काढला, ना कुठल्या जनरलने.